ट्रॅक्टरच्या खांद्याची हळद

आमच्या दुकानात लोक लोखंड पोत्यात गुंडाळून आणतात आणि काउंटरवर असं आदळतात, जणू ते मीच मोडलं आहे. "बाई, हे कायचं हाय सांगा." दिग्रसच्या बाजारात जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं आणखीही आहेत, पण काउंटरवर बाई बसते असं आमचंच. दुकान सासऱ्यांचं. ते गेल्यावर माल आणण्याचं आणि गोड बोलण्याचं काम नवऱ्याकडे गेलं, आणि वस्तू ओळखण्याचं माझ्याकडे आलं. ते मला कुठून येतं, हे मात्र मी सासरी कधी धड सांगितलं नाही.

सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं गेले?" मी म्हणायचे, मालक चहा प्यायला गेलेत, मालकीण बसली आहे, बोला. काही जण मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे. धडधाकट चालत असलेल्या ट्रॅक्टरचा एखादा भाग खोलून आणायचे आणि भोळा चेहरा करून विचारायचे. मी बरोबर सांगितलं की खट्टू होऊन परत न्यायचे. आता त्यांच्यातलेच कितीतरी माझी पक्की गिऱ्हाईकं आहेत, आणि नागपूर-अमरावतीकडून मोबाइलवर फोटो येतात ते वेगळेच. फोटो हललेला असला तर मी खरमरीत कळवते. माझा स्वभावच तसा आहे. पण त्या तापटपणाखाली एक भीती कायम असते. लोखंडाच्या बाजारात बाई चुकली तर एकवेळ सावरून घेता येतं, पण तिच्यावर एकदा लोक हसले की तिने काउंटर सोडावा हे बरं.

मला सगळ्यात जास्त विचारतात ते संत्र्याच्या ट्रॅक्टरबद्दल. कंपनीत असं काही नाव नाही, हे आमच्याकडचं. ज्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या, त्यांना झाडाखालून जाणारा ट्रॅक्टर हवा असायचा. कंपन्या बागेसाठी वेगळे बुटके ट्रॅक्टर काढायच्या म्हणतात, पण ते इकडे बघायला मिळत नसत. मग लोक साधा जुना ट्रॅक्टर घ्यायचे आणि वर्कशॉपात नेऊन त्याला कापून-जोडून बसका करायचे. उभा सायलेन्सर काढून पोटाखालून वळवायचा. चाकांच्या रिंगा उलट्या बसवायच्या, म्हणजे चाकं आत येतात. पुढचा एक्सल मधून कापून आखूड करायचा. सीट इतकी खाली न्यायची की स्टिअरिंग हनुवटीला लागावं. हे सगळं ज्याच्या त्याच्या डोक्याने केलेलं, म्हणून एकसारखे दोन सापडत नाहीत. आता बागा बऱ्याच मोडल्या, कपाशी आणि सोयाबीन आलं, ट्रॅक्टर भंगारात गेले. आणि ज्यांच्याकडे वेळ आहे अशी शहरातली माणसं ते शोधत फिरतात, घासूनपुसून बंगल्यासमोर उभे करतात. त्यांना कंपनीचं कोणतं आणि गावठी कोणतं हे सांगणारं कुणीतरी लागतं. ती मी.

मला हे कळतं, कारण आमच्या बाबांनी असा एक केला होता.

आमचं गाव बाभुळगावकडचं. बाबांची संत्र्याची बाग होती आणि एक बैलजोडी होती. जोडी थकली तेव्हा बाबांनी एक जुना लाल ट्रॅक्टर आणला आणि महिनाभर वर्कशॉपवाल्याच्या मागे लागून त्याला बागेच्या मापाचा केला. मी तेव्हा शाळेत होते. त्या ट्रॅक्टरचा प्रत्येक तुकडा आमच्या घरातून नाही तर गावातून गेला. सायलेन्सरला बोअरचा पाइप, मडगार्डला तेलाच्या पिंपाचा पत्रा, बसायला एका मोडक्या स्कूटरची सीट. फांद्या तोंडावर येऊ नयेत म्हणून बॉनेटपासून मागेपर्यंत एक लोखंडी कमान लागायची, तिच्यासाठी बाबांनी आमची बैलगाडी मोडली आणि तिच्या चाकाची धाव, म्हणजे लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, सरळ करून पुन्हा वाकवून घेतली. खिळ्यांची भोकं तशीच राहिली. आई म्हणाली, "घर तेवढं ठेवा."

इथवर ठीक होतं. गावाला कौतुकही वाटलं. पण पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकायचे, पळसाच्या पानाने त्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबांनी त्या दिवशी अंगणात हळद कालवली, पळसाची पानं घेतली आणि ट्रॅक्टरजवळ गेले. आईने विचारलं, त्याले कुठं खांदे हायेत? बाबांनी विचार करून ठेवला होता. भार जिथे येतो तो खांदा, म्हणून मागच्या एक्सलची दोन्ही टोकं, मडगार्डच्या आतली. लोण्याऐवजी जवसाचं तेल ऊन करून घेतलं होतं. "लोनी लोखंडाले मानवत नाही," म्हणाले. दोन्ही टोकांना पानाने हळद चोळली आणि अगदी गंभीरपणे आवतण दिलं.

दुसऱ्या दिवशी बॉनेटला बाशिंग बांधून त्यांनी ट्रॅक्टर तोरणाखाली नेऊन उभा केला, बैलांच्या रांगेत. आज गावोगाव ट्रॅक्टरचा पोळा होतो, पेपरात फोटो येतात. तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. पोळ्यात झडत्या म्हणतात, एकमेकांना चिमटे काढणारी गाणीच ती. एकाने तिथल्या तिथे जुळवली: "बैल खाते ढेप, हा पेते तेल, याच्या पोटी सांगा होईन का बैल!" बैलाच्या पोटी तरी कुठे बैल होतो, पण हसणाऱ्यांना तर्क लागत नाही. सगळं गाव हसलं. बाबाही हसले. मी तिथून पळाले.

शाळेत पुढे कितीतरी दिवस एकच. "तुमच्या बैलानं पुरणपोळी खाल्ली का?" "शेण कुठं टाकते?" एक दिवस मी रडत घरी आले आणि बाबांना म्हणाले, तुमी असं काहून करता, मले शाळेत जाची लाज वाटते. बाबा उठून बागेत पाणी द्यायला गेले. पुढच्या पोळ्याला ट्रॅक्टर तोरणाखाली गेला नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांनी मनाई केली असेल, बैलांच्या मानात लोखंड नको म्हणून, असं मी धरून चालले. मी सुटले होते, एवढंच मला पुरेसं होतं. पुढे बाग वाळली, ट्रॅक्टर विकला, माझं लग्न झालं. दिग्रसला पोळ्याच्या ट्रॅक्टरवाल्याची पोरगी म्हणून मला कुणीही ओळखत नव्हतं.

गेल्या वर्षी बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. एका डोळ्याचं झालं, त्यावर कापूस आणि काळा चष्मा. घरी करमेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन बाकावर बसले. नवरा मालासाठी यवतमाळला गेला होता. तीनचार गिऱ्हाईकं होती, त्यांच्यात बाबा एका कडेला, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन. मी कुणाला सांगितलं नाही की हे माझे वडील, कारण कुणी विचारलं नाही. असंच असतं ना? विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

तेवढ्यात दारात एक ट्रेलर येऊन थांबला, वर एक जुना ट्रॅक्टर. नागपूरचे एक गृहस्थ उतरले. फोनवर आमचं बोलणं झालेलं होतं, भेट पहिलीच. "म्याडम, तुमची ख्याती ऐकून आलो," म्हणाले. "राळेगावच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे मिळाला. हा पीस फक्त बघा."

मला आधी दिसली ती कमान. सारख्या अंतराने खिळ्यांची भोकं असलेली पट्टी. ती आमच्या बैलगाडीची होती.

"हा पट्टा परदेशी वाटतो," ते म्हणाले. "भोकं बघा कशी मोजून पाडलेली."

"परदेशी कुठला," मी म्हणाले. "बैलगाडीच्या चाकाची धाव आहे ती."

त्यांनी टाळीच वाजवली. गिऱ्हाईकं उठून बाहेर आली. आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी मजा आली. मी एकेक सांगत सुटले. सायलेन्सर बोअरच्या पाइपचा, मडगार्ड पिंपाच्या पत्र्याचं, ती सीट स्कूटरची. "तुम्ही तर असं सांगताय जसं समोर उभं राहून पाहिलंय," ते म्हणाले. मी हसून म्हणाले, "अनुभव." बाबा माझ्यामागे बाकावर बसून हे सगळं ऐकत होते.

मग ते गृहस्थ टॉर्च घेऊन मडगार्डच्या आत वाकले. "आता खरी गोष्ट. इकडे या." ट्रॅक्टरला कुणीतरी वरून ब्रशने निळा रंग फासला होता, त्याखाली लाल, त्याखाली गंज. पण मडगार्डच्या आत, एक्सलच्या दोन्ही टोकांना, जिथे ऊन, पाऊस आणि ब्रश पोचले नव्हते, तिथे पिवळा रंग होता. गंजाचा ठिपका नाही. "हा ओरिजिनल," ते म्हणाले. "बागेसाठी कंपनीने काही पिवळे काढले होते असं ऐकलंय. हा त्यातलाच असणार. तुम्ही हो म्हणा, की मी पूर्ण पिवळा करतो."

मी वाकून पाहिलं. जवसाच्या तेलातली हळद वाळून कडक झाली होती, ऑइल पेंटसारखी. खरं म्हणजे ऑइल पेंट दुसरं असतं तरी काय. त्या पिवळ्यात पळसाच्या पानाच्या शिरा उमटलेल्या होत्या. आणि थर जाड होता. एका सालाचा नव्हता. ते मला त्या वेळी उमगलं नाही, मी एवढंच पाहिलं की माझ्या पाठीमागे चार गिऱ्हाईकं उभी आहेत. मी हळद म्हटलं असतं, तर पुढे कुणी लावली, का लावली, तुम्हाला कसं माहीत, हे सगळं आलं असतं. पोळा आला असता. बाजारभर गेलं असतं, घरी दीर जेवताना टोचून बोलले असते. माझी जीभ रेटेना. मला माझं वय आठवत होतं, पांढरे झालेले केस आठवत होते, तरी कान शाळेतल्यासारखे तापले.

"कंपनीचाच रंग आहे," मी म्हणाले.

बाबा उठले. चाचपत ट्रेलरपाशी आले आणि मडगार्डच्या आत हात घातला. कुणी न सांगता त्यांचा हात नेमका तिथेच गेला. "काका, जपून," ते गृहस्थ म्हणाले. "तुम्हालाही आवड दिसते. तुम्ही बाईंचे कोण?"

"मी? मी गिऱ्हाईक हाव," बाबा म्हणाले. "डोयाच्या दवाखान्यात आलतो, बसलो इथं जरासा." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी म्हणता तसंच हाय. कंपनीचाच रंग हाय हा."

बाबांनी मला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे लाडक्या मुलीला बाई म्हणतात. बाई, जेवली का. बाई, इकडे ये. त्या दिवशी तोच शब्द त्यांनी सगळ्यांसमोर वापरला आणि कुणाला काही कळलं नाही, कारण दुकानात मला सगळेच बाई म्हणतात. फक्त पुढे "तुमी" लावलं. माझ्या बापाने मला तुमी म्हटलं आणि मी मान हलवली.

ते गृहस्थ खिशातलं ब्लेड काढून त्या पिवळ्याचा पापुद्रा खरवडू लागले, रंगाच्या दुकानात नेऊन जुळवायला. शिरा असलेला भागच निघाला. प्लॅस्टिकच्या पुडीत भरला, आभार मानले आणि गेले. दुपारी घरी जेवताना बाबा म्हणाले, "बाई, भाजी मस्त झाली, वाढ अजून." पुन्हा तू. ते मला जास्त लागलं. ते काही म्हणतील, रागावतील, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी दोनदा भाजी घेतली आणि झोपले.

दुसऱ्या डोळ्यासाठी बाबा पुन्हा आले, त्याच सुमारास फोटो आला. ट्रॅक्टर नखशिखांत पिवळा, चकचकीत, सोबत माझे आभार. मी तो लपवला असता, पण बाबा शेजारी बसले होते आणि नव्या डोळ्याने त्यांना आता सगळंच दिसायचं.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. "याले तं नवरदेवच केला. हयद लावाची खांद्याले, यायनं आंगभर चोयली." आणि हसायला लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला त्रास होईल म्हणून एका हाताने चष्मा धरून हसत होते.

मला हसू येईना. "बाबा, तुमी त्या दिवशी गिऱ्हाईक हाव असं काहून म्हणलं?"

"मंग काय म्हणू? चार लोकं उभे होते. तुले हासले असते." ते सहज म्हणाले, जसं दार उघडं होतं म्हणून लावलं. मग म्हणाले, "तोरणाखाली नेनंही तं मी त्याच्यासाठीच बंद केलं होतं."

"ते तं गावातल्या लोकायनं मनाई केलती ना?"

"मले कोन मनाई करते? सरपंच सोता म्हणे, दरसाल आन, पोट्ट्यायले मजा येते." त्यांनी चष्मा नीट केला. "तू रडत आलती शाळेतून. मंग मी तू शाळेत गेल्यावर खांदशेकणी करत जाओ, वाड्यामांगं. तुह्या आईले सांगून ठेवलं होतं, बाईले सांगू नको. इकाच्या सालापर्यंत केली."

म्हणून थर जाड होता. ट्रॅक्टर विकेपर्यंत हा माणूस माझ्यापासून लपून हळद लावत राहिला. आपल्या घरी, आपल्या लोखंडाला, पोरीची लाज सांभाळत. आणि मी त्यांच्यावर उपकार केल्यासारखी सासरी गप्प बसले, माहेरचं झाकून ठेवलं, बाईंचे कोण असं विचारल्यावर मान हलवली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. ही लाज शाळेतल्या लाजेसारखी गरम नव्हती. थंड होती, आणि ती पुसायला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी नागपूरला फोन लावला. बाबा बाकावर बसले होते.

"साहेब, तो रंग कंपनीचा नाही," मी म्हणाले. "हळद आहे. जवसाच्या तेलातली. ट्रॅक्टर मुळात लाल होता."

"म्याडम, सकाळी सकाळी मजाक?"

मी पोळ्याचं सगळं सांगितलं.  मग ते हसायला लागले, आणि तिथे कुणाला तरी हाक मारून म्हणाले, "अरे ऐक, ट्रॅक्टरला हळद!" तो माणूसही हसला. माझे कान तापले. शेजारचा दुकानदार शटर वर करता करता थांबून माझ्याकडे बघत होता. मी फोन खाली ठेवला नाही.

"कोण होता हो हा कलाकार?"

"माझे वडील," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, शेजाऱ्याला जाईल इतकं. "तुम्ही आलात तेव्हा बाकावर बसले होते, ते."

त्यांचं हसणं थांबलं. "पण ते तर गिऱ्हाईक म्हणाले होते."

"मला लाज वाटेल म्हणून तसं म्हणाले."

"यात लाज कसली, म्याडम?" ते म्हणाले. अगदी खरोखर विचारत होते, त्यांना कळत नव्हतं.

मी बाकाकडे पाहिलं. बाबा बाकावरून हात हलवून खुणावत होते, राहू दे बाई, राहू दे, कायले सांगतं.